बाजाराच्या दिवशी धवलेरी

सुरगाण्याकडच्या डोंगरात काही घरांत अजूनही लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. तिनं गायला तोंड उघडलं की लग्न लागायला सुरुवात होते. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीत अशी गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवते. सोबत माझा दादा असायचा. तो पूर्वी ऑर्केस्ट्रात साउंड सांभाळायचा. माइक, वायरी, हेडफोन सगळं त्याचं खातं. "तू माणसांशी बोल, मी आवाजाशी बोलतो," असं म्हणायचा.

त्या दिवशी आठवडे बाजार होता. आम्ही बाजारातल्या एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाला हसतमुख होता, धवलेरी आजीचं घर त्यानंच दाखवलं. आजी ओट्यावर नागली पाखडत बसली होती. तिची चार-पाच वर्षांची नात आम्हाला बघून रडायला लागली, म्हणून मी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू तिच्या हातात दिला. मग आजी गायली. दुपार कलेपर्यंत गायली. नवरीला हळद कुणी लावली, मांडवाचं लाकूड कुठल्या रानातून आलं, सगळं त्या गाण्यात होतं. दादा डोळे मिटून ऐकत होता.

गाणं अर्धं राहिलं, कारण आजीला बाजारात जायचं होतं. "मीठ, सुकट आणते, मग उरलेलं गाते," ती म्हणाली. आम्हालाही गाडीतून दुसरी बॅटरी आणायची होती. चौघं निघालो. दादाच्या गळ्यात रेकॉर्डर तसाच लटकत होता. पोरगी माझं बोट धरून पुढं, आजी हळूहळू मागं.

त्या आठवड्यात सगळीकडे मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, गोड खायला देऊन गाडीत घालतात, असं त्यात सांगितलं होतं. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

गाडीजवळ पोचलो तर एक माणूस आडवा आला. "कोणाची पोर?"

"आजींची नात," मी म्हणाले.

"कोणत्या आजींची?"

मी मागं वळून बघितलं. मधे बाजाराची गर्दी होती, आजी दिसत नव्हती. पोरगी घाबरून रडायला लागली. तिच्या हातात अजून अर्धा लाडू होता.

पहिली थप्पड दादाला बसली. चष्मा उडाला. "अहो, ऐका तरी," एवढंच तो म्हणू शकला. मग कुणीतरी ओरडलं, "हेच ते!" आणि माणसं भाजी, टोपल्या टाकून धावत आली. माझे केस मागून ओढले गेले, मी गाडीच्या चाकापाशी पडले. कुणाची तरी चप्पल माझ्या बोटांवर पडली आणि तिथंच दाबून राहिली. पाय, पाय आणि पायांमधून दादाचा शर्ट दिसत होता. तो आधी पांढरा होता. माराचा आवाज कसा असतो ते मला तेव्हा कळलं. ओल्या कपड्यावर धोपटणं आपटावं तसा. मारणाऱ्यांत टपरीवाला होता. त्याच्या हातात टपरीच्या छपराचा बांबू होता. सकाळी ज्या हातानं मला चहा दिला, त्याच हातानं तो बांबू दादाच्या कानावर मारत होता.

आजी कशी आत शिरली ते मला माहीत नाही. ती ओरडली नाही, कुणाला ओढलं नाही. सरळ दादाच्या अंगावर पालथी पडली आणि उजवा हात वर केला. बांबू खाली आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"माझे पाव्हणे हायेत," ती म्हणाली. "मारा. आधी मला मारा."

तेव्हा हात थांबले. कुणी पाणी आणलं, कुणी पळून गेलं. एका जीपवाल्यानं आजीला आणि आम्हा दोघांना दवाखान्यात नेलं. जीपमध्ये दादा सारखा विचारत होता, "गाडी चालू आहे का? आवाज का येत नाही?" त्याच्या डाव्या कानातून रक्त गळत होतं. तो कान कायमचा गेला.

पोलिसांनी मला माणसं ओळखायला बोलावलं. मी टपरीवाल्याकडे बोट दाखवलं. तो खाली बघत राहिला. आत गेला, जामिनावर सुटला. केस अजून चालू आहे.

लगीनसराईत मला एका मुलीचा फोन आला. ती टपरीवाल्याची धाकटी बहीण होती. तिचं लग्न ठरलं होतं आणि आजीनं यायला नकार दिला होता. जवळपास दुसरी धवलेरी उरली नव्हती.

"ताई, तुमच्याकडं तिची गाणी आहेत ना? मोबाईलवर पाठवा. आम्ही मांडवात स्पीकरवर लावू."

फोन मी ठेवून दिला. भयंकर राग आला होता. तरी विचारावं म्हणून मी आजीकडे गेले. तिचं मनगट वाकडंच जुळलं होतं.

"त्याच्या लग्नात मीच गायले होते," आजी म्हणाली. "मारताना त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखलं. मग मारलं."

"मग नाही म्हणून सांगू?"

ती म्हणाली, "देऊन टाक. पण सगळं दे. शेवटचं कापू नको."

रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता, बाजारात शेवटपर्यंत चालू होता, हे आजीला माहीत होतं. गाण्यानंतर त्यात तो सगळा मार होता, दादाचं कण्हणं होतं, माझ्या किंकाळ्या होत्या. मी न कापता पाठवलं.

दोन दिवसांनी ती मुलगी एकटी आजीच्या दारात आली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं होतं. आजीच्या पायाशी बसून ती इतकी रडली की तिला उलटी झाली. आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. फक्त म्हणाली, "येते. तुझा भाऊ मांडवात नको."

त्या लग्नाला मी आणि दादा गेलो. आजी गायली. तांदूळ टाकताना तिच्या वाकड्या मनगटातून निम्मे खाली सांडत होते. दादा उजवा कान तिच्याकडे करून बसला होता. नवरीचा भाऊ मांडवात नव्हता.

परतताना बाजाराच्या रस्त्यावर तो दिसला. नवा शर्ट घालून बंद टपरीपुढच्या बाकड्यावर बसला होता. लांबून बहिणीच्या लग्नाचे आवाज येत होते.

"थांबव," दादा म्हणाला.

मी गाडी थांबवली. मला वाटलं, बोलेल. दादा उतरला, त्याच्यासमोर गेला आणि त्याच्या तोंडावर मूठ मारली. परत मारली. तो माणूस बाकड्यावरून खाली पडला, ओठ फाटला, नव्या शर्टावर रक्त आलं. त्यानं हात वर केला नाही. दादानं पायही उचलला होता. मी धावत जाऊन त्याला मागून धरलं. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाला टपली मारली नव्हती.

गाडीत बसल्यावर तो आपल्या मुठीकडे बघत होता. बोटांची सालं निघाली होती.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

मी त्याच्या गेलेल्या कानाच्या बाजूला नव्हते, तरी त्याला ऐकू आलं नाही असं वाटलं. मग घाट उतरताना तो म्हणाला, "नाही. पण परत दिसला तर परत मारीन."

मी गाडी चालवत राहिले.