शांबाकाकांना दार नव्हतं

दुपारचं जेवण अंगावर आलंय. कॉटवर आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच पायाशी कुणीतरी खाकरतं.

"पाय जरा आवर गो, कुमुद. वळकटी टाकूची हा."

शांबाकाका धुरी. गेल्या वर्षी वारले. मला भीती वाटत नाही. कॉट आता खोलीत नाही, चाळीच्या गॅलरीत आहे, आणि काका वळकटी काखेत मारून उभे आहेत. जवळजवळ सगळी हयात ते माझ्या दारासमोर, याच गॅलरीत झोपले. गिरणीत होते तेव्हाही, गिरणी बंद पडल्यावरही. स्वतःची खोली त्यांना कधी नव्हतीच.

चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा ती वाचवायच्या मोर्चात बॅनरची एक काठी त्यांच्या हातात होती. चाळ वाचली. जुने लाकडी कठडे पॉलिश झाले, नळ घराघरांत आले, पेपरात फोटो छापून आला. गरिबांना बेघर न करता चाळ जपली म्हणे. डोंबल जपली!

"काका, इथे झोपता येत नाही आता. कमिटीने ठरवलंय. शोभा जाते."

"माझ्यामुळे शोभा जाता?" ते हसतात. मला हसू येत नाही.

गॅलरी लांबत जाते. एक दार ढकलावं तर आत, दुरुस्तीनंतर खोल्या कुणाला द्यायच्या त्या सर्व्हेचं टेबल. साहेब मान वर न करता विचारतो, "दार कुठलं तुमचं?" काका पायाखालची फरशी दाखवतात. "दार असेल त्यालाच घर," साहेब म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. दुसरं दार ढकलावं तर थेट पुलाखाली, काका शेवटी राहिले आणि गेले तिथे. डोक्यावर गाड्या धडधडतात.

"मोर्चात पुढे कोण होतं, हे नाही विचारलं त्यांनी?"

"इचारल्यानी मा. फोटो काढूक."

मला रडू येतं, आणि रडू येतं याचाच संताप येतो. "चला आत," मी म्हणते. "माझ्या कॉटवर पडा."

"आणि तुका जागा?"

"मी बाहेर."

काका चपला काढतात, उंबरठ्याला हात लावून नमस्कार करतात आणि आत जातात.

गालाला गार लागतं म्हणून डोळे उघडते. मी गॅलरीत आहे, नव्या लाद्यांवर. समोर वॉचमन.

"मावशी, उठा. इथे झोपायला बंदी आहे. कमिटीवाले मला ओरडतील."

उठून दार ढकलते. उघडत नाही. आतून कडी लागली आहे. नवरा गेल्यापासून या खोलीत मी एकटीच राहते, हे वॉचमनलाही ठाऊक आहे.

"आत कोण आहे, मावशी?"

"चाळीतलेच आहेत. झोपलेत," मी म्हणते. "उठवायचं असेल तर कमिटीला इथे पाठव."

आणि दाराला पाठ लावून, पाय पसरून, पुन्हा लादीवर बसते.