तांदळाच्या दाण्याखालचं वावर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात विमानातून काढलेले फोटो बघून नकाशे रंगवायचो. जंगल हिरवं, धानाची शेती पिवळी, पाणी निळं. काम बसून करायचं होतं आणि डोक्यावर पंखा होता, त्यामुळे नातेवाइकांत मला मान होता.

जिल्ह्याच्या नव्या नकाशासाठी फोटोंचे दोन संच होते. एक कमी उंचीवरून काढलेला. त्यात बांधांनी आखलेल्या धानाच्या बांध्या, मोहाच्या झाडाची सावली, सगळं दिसायचं. पण फोटो पेट्या भरून होते. दुसरा फार उंचावरचा. त्यात अख्खी तहसील टेबलावर मावायची आणि माणसाच्या हातची कुठलीच गोष्ट धड दिसायची नाही. साहेबांना नकाशा पावसाळ्याआधी भोपाळला पाठवायचा होता. त्यांनी उंचावरचा संच निवडला. आपल्याला जिल्ह्याचा नकाशा काढायचा आहे, बांध मोजायचे नाहीत, असं ते म्हणाले. खोटं नव्हतं.

मग बारीकसारीक कुठवर दाखवायचं हा प्रश्न आला. साहेबांनी रेशनच्या तांदळाचा एक दाणा मागवून फोटोवर ठेवला आणि नियम केला, दाण्याखाली जे पूर्ण झाकलं जाईल ते वेगळं दाखवायचं नाही, आजूबाजूच्या रंगात घालून टाकायचं. बालाघाटात दुसरं माप कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही.

लामत्याच्या पुढे, नाल्याकाठी, चारी बाजूंनी जंगल असलेलं माझ्या आत्याबाईचं वावर होतं. लांबट, चिंचोळं. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते करायची आणि त्यात चिन्नोर हा सुवासिक धान लावायची. तिथला फॉरेस्ट गार्ड कधीपासून म्हणत होता की हे वावर नाही, जंगल आहे; सरकारी नकाशा येऊ दे, मग बाईला उठवतो. मी फोटोवर तिचं वावर शोधलं आणि दाणा ठेवला. बांध्या, झोपडी, बैल, आत्याबाई, सगळे दाण्याखाली गेले.

रविवारी छोट्या रुळांच्या आगगाडीनं लामत्याला गेलो आणि तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. दाणा कोणता ठेवला, एवढंच विचारलं. रेशनचा, म्हटल्यावर मीच तो तिच्या ताटात वाढल्यासारखं तिनं तोंड केलं. मग आत जाऊन तिनं चिन्नोरची पुरचुंडी आणली.

"तुया साहेबाले म्हणजो, ज्याचं वावर, त्याचा दाणा ठेव."

मी कार्यालयात ठेवून पाहिला. चिन्नोरचा दाणा आखूड. वावराची दोन्ही टोकं त्याच्या बाहेर डोकावली. मी पुरचुंडी घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, तांदळाचा वास घेतला, विचार करतो म्हणाले आणि पुरचुंडी घरी नेली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खीर उत्तम झाली. दाणा मात्र तोच राहील, नाहीतर सगळा जिल्हा पुन्हा रंगवावा लागेल. तेल गेलं, तूप गेलं, माझ्या हाती पुरचुंडीचं फडकं आलं. त्या दिवशी मला साहेबांचा मनापासून राग आला आणि खिरीचा त्याहून जास्त. संध्याकाळी मी माझ्याच कुंचल्यानं आत्याबाईच्या वावरात हिरवा रंग भरला.

नकाशे छापून गावोगावच्या वनचौक्यांवर गेले. धान कापणीला आलं तेव्हा गार्ड नकाशा घेऊन येणार असल्याचा निरोप आला. मी रजा टाकून गेलो.

गार्डनं खळ्यावर नकाशा पसरला, हिरव्यावर बोट ठेवलं आणि हिंदीत सांगितलं की बाई, हे सगळं जंगल आहे, धान कापलं की निघायचं. मी फोटोच्या उंचीबद्दल बोलायला लागलो. कुणी ऐकलं नाही. आत्याबाईला वाचता येत नव्हतं. ती उकिडवी बसून बराच वेळ नकाशा बघत राहिली.

"आन् तुयी चौकी कोठं हाये यात?"

गार्डनं बोट फिरवलं. मग नकाशा डोळ्यांजवळ नेला. त्याची चौकी, विहीर, मागची वांग्यांची वाडी, काहीच सापडेना. आत्याबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं की तीही दाण्याखाली गेली, तिथंही हिरवंच आहे.

"तं तूबी जंगलातच बसून राह्यला," ती त्याला म्हणाली. "आंधी तुले उठवतीन का मले?"

गार्डनं नकाशाची घडी घातली, ती चुकली, म्हणून तशीच काखेत मारली. त्यानं पाणी मागितलं, तिनं दिलं. नकाशा घेऊन तो पुन्हा आला नाही.

धान घरात आलं. निघताना आत्याबाईनं माझ्या हातात पुन्हा चिन्नोरची पुरचुंडी ठेवली.

"हे साहेबाले देजो नोको."

घरी येऊन मी त्याचा भात केला. दाणे खरंच फार बारीक होते.