काना धरून पाच

अक्षरवाल्याकडे कोणी हौसेनं जात नसे. त्याच्याइतका खवट माणूस त्या बाजारात दुसरा नव्हता, आणि याचा त्याला अभिमानच होता. जिन्याखालच्या खोलीत त्याचं दुकान. बंद पडलेल्या दुकानांच्या पाट्यांवरची पत्र्याची, लाकडाची, प्लास्टिकची अक्षरं तो उचकटून आणायचा, घासायचा आणि नव्या दुकानदारांना विकायचा. भिंतभर डबे, प्रत्येक अक्षराचा एक. कान्यांचा डबा सगळ्यांत मोठा आणि तोच बहुतेक वेळा रिकामा.

नवा दुकानदार मनात नाव घोळवत आला की हा आधी त्याला गप्प करी. “नाव सांगू नका, धंदा सांगा. नाव डब्यात असेल तेच मिळेल.” मग टेबलावर अक्षरं पसरून ती बोटानं सरकवत बसे. क, ल, म आणि एक काना. एवढ्यात त्याला माल दिसे, काम दिसे, कमाल दिसे. रोपं विकणाऱ्याला त्यानं ‘कलम’ दिलं आणि काना परत डब्यात टाकला. “आणखी एखादं अक्षर घाला की,” रोपवाला म्हणाला. “घरून आणा,” हा म्हणाला.

त्याचा नियम एकच होता. बसलेल्या दुकानाची अक्षरं त्याच दिवशी वेगवेगळ्या डब्यांत टाकायची, प्रत्येकाच्या पाठीवर त्या दुकानाची खूण करायची, आणि एका दुकानाची दोन अक्षरं पुन्हा एका पाटीवर येऊ द्यायची नाहीत. गिऱ्हाइकं अपशकुन मानत, म्हणून.

एका दुपारी दारात त्याचा थोरला भाऊ उभा राहिला. अठरा वर्षांत दोघांत चकार शब्द नव्हता. वडील गेल्यावर महिन्याच्या आत दादानं त्याला शिलाईच्या दुकानातून बाहेर काढलं होतं. “तुझा हात पत्र्याचा आहे, कापडाचा नाही,” एवढंच बोलून. आता ते दुकानही बंद झालं होतं. दादानं पिशवीतून पितळेची अक्षरं काढून टेबलावर ठेवली. स, र, त, काना, ज. वडिलांच्या ‘सरताज’ची पाटी. एकोणिसाव्या वर्षी कानस मारून मारून ती यानंच कापली होती.

“विकायची नाहीत,” दादा म्हणाला. “एकत्र ठेव. लागतील.”

“कोणाला?”

“वेळ आली की कळेल.”

“हे काय सामान ठेवायचं गोदाम आहे?” अक्षरवाला उठला आणि भावाच्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर एकेका डब्यात टाकलं. प्रत्येक वेळी खण् आवाज झाला. पाचही टाकून झाली तेव्हा म्हणाला, “माझ्याकडे नियम आहे. तुझ्यासारखं मनाला येईल तसं चालत नाही.”

दादानं रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. “तू आहेस तसाच आहेस,” तो म्हणाला आणि निघून गेला.

एवढ्यावर याचं पोट भरायला हवं होतं. भरलं नाही. त्या नावाची राख करायची असं त्यानं मनाशी घेतलं. आठ दिवस टेबलावर तीच पाच अक्षरं. रात, साज, तरस, राजस. प्रत्येक शब्दात काहीतरी उरत होतं आणि उरलेलं त्याला नको होतं. नवव्या दिवशी जमलं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला त्यानं ‘तास’ दिलं आणि साडीच्या जरीकाठांचं दुकान टाकणाऱ्या बाईंना ‘जर’. हिशोब चोख, काहीही शिल्लक नाही. त्यासाठी स्वतःचा नियम मोडावा लागला. पाठीवरच्या खुणा त्यानं पुसून टाकल्या. स्वतःवर इतका खूश तो कित्येक वर्षांत नव्हता.

सहा महिन्यांनी दुकानात त्याची मुलगी आली. ती इकडे कधी येत नसे. ती टायपिंगच्या क्लासला जाते, असं तो दोन वर्षं समजत होता. ती बसली नाही.

“धंदा शिलाईचा,” ती म्हणाली. “नाव काढा.”

“कोणाचा धंदा?”

“माझा. दोन वर्षं काकांकडे शिकले. त्यांचा हात थरथरतो आता, मशीन मला दिलंय त्यांनी. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं.” तिनं डब्यांकडे पाहिलं. “आजोबांची अक्षरं माझ्यासाठी इथे ठेवलीत, असं काका म्हणाले. ती द्या.”

अक्षरं वेगवेगळ्या डब्यांत टाकल्याचं दादानं तिला सांगितलं नव्हतं. तेवढी अब्रू भावानं राखली होती, आणि अक्षरवाल्याला त्याचाच सगळ्यांत जास्त राग आला.

त्यानं डबे धडाधड उपडे केले. लाकडी स, टिनाचा र, प्लास्टिकचा हिरवा त, कुठला तरी लांबडा काना, पोचा आलेला ज. लावून झाल्यावर त्यानं टेबल तिच्याकडे फिरवलं. “बघ. सरताज.”

“ही आजोबांची नाहीत.”

“अक्षरं ती अक्षरंच! वाचता येतंय ना?”

“ती कुठे आहेत, बाबा?”

त्यानं ‘तास’ आणि ‘जर’चं सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त हिरवा त उचलून त्याच्या डब्यात ठेवला आणि बाहेर पडली.

तो त्याच दुपारी घड्याळवाल्याकडे गेला. बदल्यात दुसरं, मोठं नाव देतो म्हणाला. घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही. “पाटी उतरते ती दुकान बसल्यावर, असं तुम्हीच मला सुनावलं होतंत.” काठवाल्या बाईंनी तर तेवढंही ऐकून घेतलं नाही.

मुलीचं दुकान चांगलं चालतं. त्यावर पाटी नाही. बापानं दोनदा नाव काढून पाठवलं, तिनं दोन्ही वेळा परत केलं. लोक पत्ता सांगताना ‘बिनपाटीची शिवणवाली’ म्हणतात. अक्षरवाला रोज कामाला त्याच रस्त्यानं जातो. आधी ‘तास’ लागतं, मग ‘जर’, मग मुलीचं दार. ती मशीनवरून मान वर करत नाही.