कडेने चालणाऱ्या मॅडम

माझं अक्षर वाईट आहे आणि चौथीपर्यंतच शिकल्यामुळे चुकाही होतात. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

इकडे आखातात जुमेरा लेक टॉवर्स नावाच्या उंच इमारतींमध्ये मी स्वयंपाकाला जायचे, तिथे शेजारी एक जपानी मॅडम राहायच्या. कॉरिडॉर रिकामा असला तरी त्या भिंतीला लागून चालायच्या. मला वाटलं, माझ्यासारख्याच बुजऱ्या असतील. एकदा त्यांनी फोटोत आपल्या गावचं समुद्राकाठचं जुनं देऊळ दाखवलं. देवळाच्या वाटेवर बोट ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बीच में भगवान चलता. हम साइड." दर नव्या वर्षाला त्या तिथे जायच्याच.

मंदीत त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली. "इस साल मंदिर खलास," म्हणाल्या, आणि संध्याकाळी मला इथल्याच समुद्रावर घेऊन गेल्या. दिवसभर ओट्याशी उभं राहून माझे पाय भरून आले होते. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, चूळ भरली आणि तिथेच थांबल्या. समोर नुसती वाळू.

"यहाँ साइड किधर?" त्यांनी हळूच विचारलं.

मी चपलेने पाण्यापर्यंत दोन लांब रेघा ओढल्या. त्या कमरेत वाकल्या आणि एका रेघेच्या कडेने निघाल्या. दुसरीच्या कडेने मी. मधल्या वाळूवर आमचं एकही पाऊल उमटलं नाही.