ऑफिस टाइमचं फूल

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर ते विकलं होतं. बोरीवलीच्या चाळीतले आमचे शेजारी म्हणजे निवृत्त कारकून. त्यांच्या कुंडीतल्या फुलाचं नाव ऑफिस टाइम. "दहाला उमलतं म्हणून हे नाव," असं ते सगळ्यांना सांगत आणि फूल उमललं की इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसत.

बी.ए.च्या शेवटच्या पेपराला निघालो, तर म्हणाले, "बस रे, दहा कुठे वाजलेत? फूल मिटलेलंच आहे."

बसलो. मग त्यांना वरच्या मजल्यावर वाळत घातलेली गोधडी दिसली. कुंडीवर ऊनच नव्हतं.

"वाट लागली!" म्हणत त्यांनी बनियनवरच मला सायकलवर डबलसीट नेलं. धापा टाकत बजावत होते, "चूक गोधडीची हं, फुलाची नाही!"

पेपर वेळेत मिळाला. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो.