मिक्सर उघडल्यावर कोण काय करतं

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मगताईंचा चौथा प्रश्न चालू होता.

"आजोबा मिक्सर उघडून बसले की घरात सगळ्यात आधी कोण चिडतं?"

प्रश्न आजोबांबद्दलचा, आजोबा समोरच बसलेले, पण विचारलं होतं चौदा वर्षांच्या नातीला. मगताईंची ही कामाची रीत. माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की वकिली करतो. दुसऱ्याबद्दल विचारलं तर पाहिलेलं सांगतो.

"आई," नात म्हणाली. "मग बाबा. पण बाबा आजोबांवर नाही चिडत. आईवर चिडतात, तू कशाला चिडलीस म्हणून."

"मग?"

"मग आई गप्प. मग आजोबांना वाटतं, आपल्यामुळे भांडण झालं. म्हणून ते घाईघाईने मिक्सर जोडायला जातात आणि तो पुरताच जातो. मग आई परत चिडते."

सुनेला हसू आवरेना. मुलगा मात्र छताकडे बघत राहिला.

मगताई हे नाव कुटुंब सल्ला केंद्रातल्या शिपायाने ठेवलेलं. "मग काय होतं?" हे बाई दिवसातून शंभरदा विचारतात, हा त्याचा हिशेब. वय पंचावन्न. समुपदेशक होण्याआधी बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. एक्स्चेंज बंद झाल्यावर त्या स्वतःच्या मुलीच्या वयाच्या पोरांसोबत पुन्हा कॉलेजात बसल्या. नवरा म्हणाला होता, "आयुष्यभर लोकांचं बोलणं चोरून ऐकलंस, आता समोर बसून ऐक." केंद्रातली त्यांची खोली दहा बाय बाराची. कपाटाचं दार मिटून राहावं म्हणून फटीत कागदाची घडी, आणि कोपऱ्यात करकरणारा टेबल फॅन.

या घराची तक्रार फाइलमध्ये एका ओळीत होती: वडील चालू वस्तू बिघडवतात. आजोबांचं रेडिओ-घड्याळ दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चाललं आणि आठ महिन्यांपूर्वी बंद झालं. तेव्हापासून मिक्सर तीनदा, इस्त्री दोनदा आणि दारावरची घंटा कायमची कामातून गेली होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सून नर्स. दोघांच्या पाळ्या अशा की एक घरात शिरला की दुसरा चपला शोधतो. शेवटी ठरलं होतं की येत्या रविवारी आजोबांना थोरल्या मुलाकडे पोचवायचं, कायमचं. बॅग भरून झाली होती.

पहिल्या भेटीत मगताईंच्या हातून चूक झाली होती. त्यांनी आजोबांना सरळ विचारलं, "का उघडता?" आजोबा म्हणाले, "आवाज येत होता." पुढचा पाऊण तास मिक्सरला आवाज होता की नव्हता यात गेला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी वहीत लिहिलं, 'का' नको.

आज पाचवा प्रश्न विचारायच्या आतच आजोबा उठले. त्यांचे हात मघापासून शिवशिवत होते. फॅनपाशी जाऊन त्यांनी कान लावला आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"बाबा, इथे तरी!" मुलगा ओरडला.

"उघडू द्या," मगताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः फॅनचा प्लग काढला.

जाळी निघाली. मुलगा कुरकुरत उठला आणि कोणी न सांगता मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिला. सुनेने तळहात पुढे केला. स्क्रू त्यात पडत गेले. नातीने पाती ओढणीने पुसली.

"अहो, टॉर्च खाली. बाबांच्या डोळ्यात जातोय."

"तू स्क्रू सांभाळ. मागच्या वेळी एक हरवला होतास."

"हरवला नव्हता, तुमच्या खिशात निघाला होता. धुण्यात!"

चौदा मिनिटं चौघं त्या फॅनवर वाकून होती. मगताईंनी घड्याळ पाहिलं होतं. मग त्या नातीला म्हणाल्या, "याआधी चौघं असे एकत्र कधी बसला होतात?"

"मिक्सरच्या वेळी."

"त्याआधी?"

"इस्त्री." नातीने आठवून पाहिलं. "एवढंच."

आजोबांनी जाळी बसवली. "मी काही ठरवून करत नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं. ठरवून कोणीच काही करत नव्हतं.

"आजोबा, आता तुम्ही अंदाज सांगा," मगताई म्हणाल्या. "रविवारी तुम्ही गेलात, तर सोमवारी घरात पहिल्यांदा कोणाला चुकल्यासारखं होईल?"

"नातीला. दुसरं कोण आहे?"

"मला नाही," नात म्हणाली. "म्हणजे मलाही होईल. पण पहिल्यांदा आईला."

सून तळहातातल्या स्क्रूकडे बघत होती. "पहाटे पाळीला निघते तेव्हा घरात बाबा एकटेच जागे असतात," ती म्हणाली. "पाण्याची बाटली भरून दाराशी उभे राहतात. मला वाटलं, बाबांनाच जायचंय. म्हणून मी काही बोलले नाही."

"मला वाटलं, तुला मी नकोसा झालोय," आजोबा म्हणाले.

"आणि मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय," मुलगा म्हणाला. "मी आपला बॅग भरून मोकळा!"

हसण्याचा असा स्फोट झाला की शिपाई दारातून डोकावून गेला. मुलाने तिथूनच थोरल्याला फोन लावला: "दादा, बाबा येत नाहीयेत. हो, कायमचे नाहीत. काय? तुझं वॉशिंग मशीन बिघडलंय? मग मेकॅनिक बोलाव!"

प्लग लावल्यावर फॅन फिरला, करकर तेवढीच. सुनेच्या हातात एक स्क्रू उरला होता.

"कंपनीवाले एखादा जास्तीचा देतातच," आजोबा म्हणाले.

मगताईंनी फाइलमध्ये गृहपाठ लिहिला: दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक वस्तू उघडायची, चौघांनी हजर राहायचं, इतर दिवशी स्क्रूड्रायव्हर नातीकडे. मुलाने विचारलं, वस्तू चालू असली तरी? चालू असली तरी, त्या म्हणाल्या.

उद्या शुक्रवार. सुनेची पाळी दोनला संपते, मुलाची सहाला. स्वयंपाकघरातला पंखा आठ वाजता उतरवायचा आहे, आणि शेजाऱ्यांची शिडी साडेसातला येणार आहे.