पाडणाऱ्याचा हात

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, आठवडाभर काचा कापतात आणि रविवारी माणसं आडवी करतात. दोन्ही कामं ते एकाच चेहऱ्याने करतात, आणि तो चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला आता जांभई येणार. मला त्या चेहऱ्याचा पुष्कळ वर्षं राग यायचा. मी तापट माणूस, नाकावर माशी बसू देत नाही. ह्यांच्या नाकावर माशीने संसार थाटला तरी ह्यांना पत्ता लागायचा नाही.

त्यांचं दुकान अरुंद आणि खोल आहे. दोन्ही भिंतींना काचा उभ्या टेकवलेल्या, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. दुपारी उन्हाची तिरीप आत शिरली की ती एका काचेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जात राहते आणि टोकाला पोचेपर्यंत हिरवट होते. तिथे चहा घेऊन नुसतं बसलं तरी आपण पाण्याखाली आहोत असं वाटतं. दाजी समोरून येतात तेव्हा आधी त्यांची प्रतिबिंबं येतात, मग ते. टेबलावर गालिचा, त्यावर काच, काचेवर पट्टी, आणि पट्टीच्या कडेने काच कापायची हिरकणी फिरते ती एकदाच. "मध्ये थांबलं की काच मनाला येईल तशी तुटते," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, कोणी विचारलेलं नसलं तरी.

रविवारचा खेळ म्हणजे हॉकी, पण चाकांच्या बुटांवरची. एका ओळीत चार चाकं असलेले स्केट्स, डोक्याला हेल्मेट, हातात काठी आणि चेंडूऐवजी एक चपटी चकती. आमचं रिंक एका जुन्या गोदामात आहे, भोवती लाकडी कठडा. दोन्हीकडे चार-चार खेळाडू आणि मागे एकेक गोलकीपर. पुष्कळ ठिकाणी ह्या खेळात नुसतं अंगाला अंग लागलं तरी शिट्टी वाजते. आमची लीग तसली नाही. इथे चकती ज्याच्याकडे आहे त्याला समोरून, खांद्याने, पूर्ण जोरात धक्का देता येतो. पाठीमागून नाही, डोक्याला नाही, काठीने तर मुळीच नाही. आणि एक गोष्ट नियमांत कुठेच लिहिलेली नाही, पण ती मोडणाऱ्याबरोबर इथे कोणी चहासुद्धा पीत नाही. पाडेल त्यानेच उठवायचं. ज्याला आडवा केलात त्याच्यापुढे हात धरायचा, आणि त्याने तो घ्यायचा. हात घेतला की मिटलं.

मी गोलात उभा राहतो, कारण मला पळायचा कंटाळा आणि ओरडायची हौस. माझा भाचा, दाजींचा मुलगा, पूर्वी आमच्याच बाकावर येऊन बसायचा आणि मला मामा म्हणायचा, म्हणून आता सगळा संघ मला मामाच म्हणतो. मुखवट्याच्या जाळीतून खेळ बघताना मला कधीकधी चक्क गुंगी येते. बर्फावर पाय घसरवत थांबता येतं, चाकांवर तसं येत नाही. थांबायचं असेल तर वळावं लागतं. त्यामुळे रिंकवर सरळ असं कोणी जातच नाही, सगळे वळणावळणाने. घाई कोणाला नसते. चकती घेऊन मागे यायचं, आपल्याच गोलाभोवती संथ फेरी मारायची, एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायची आणि समोरचा चुकेपर्यंत वाट बघायची. छपरात वर काचेचे पत्रे आहेत, दाजींनीच बसवलेले. त्यांतून ऊन खाली पडतं आणि माणसं उजेडातून सावलीत, सावलीतून उजेडात जात राहतात. चाकांची एकसुरी घुंई चालू असते. आणि मग धाडकन आवाज होतो, कोणीतरी कठड्यावर आदळतो आणि माझी गुंगी उतरते.

तो आवाज बहुतेक वेळा दाजींचा असतो. अंगाने बुटके आणि रुंद, म्हणून लीगमध्ये त्यांना कपाट म्हणतात. ते कोणाच्या मागे धावत नाहीत. चकती घेऊन येणारा कुठे वळणार हे त्यांना त्याच्या आधी कळतं आणि ते तिथे जाऊन उभे राहतात. धक्का एकच, अर्धवट कधीच नाही. मग लगेच हात पुढे. खेळ चालू असला तरी आधी हात. मी मागून बोंबलतो, "दाजी, जागेवर या!" पण ते समोरचा उठेपर्यंत हलत नाहीत. त्यापायी माझ्यावर किती गोल झालेत ते मी मोजायचं सोडून दिलंय.

घरात मात्र हा माणूस वेगळा. एकुलत्या एक मुलाला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखा जपला. पोरगा दुकानातच वाढला. मोठी काच न्यायला दोन माणसं लागतात, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, आणि पावलं एकदम पडली नाहीत तर काच मधून जाते. दाजी आणि माझा भाचा काच घेऊन रस्त्याने निघाले की लोक बाजूला व्हायचे आणि बघत राहायचे. बोलणं काही नाही. काचेच्या अलीकडे बाप, पलीकडे मुलगा, एकमेकांकडे बघत चालायचे. मला तेव्हा वाटायचं, बापलेकांनी असंच असावं. मला मूलबाळ नाही, म्हणून जास्तच वाटत असेल.

पुढे बापाचे स्केट्स पोराला व्हायला लागले. बापाची पायताणं मुलाच्या पायात बसली की त्याला बरोबरीचा मानावं, असं म्हणतात. म्हणतात सगळेच. भाचा आमच्या संघाच्या निवडीच्या सामन्याला उतरला, जुने खेळाडू एका बाजूला, नवे दुसऱ्या. कठड्याला धरून तो चकती घेऊन सुसाट आला. समोर दाजी. मी मनात म्हटलं, आता ह्याची हाडं खिळखिळी होणार. आणि दाजींनी अंग चोरलं. जिन्यात म्हातारं माणूस समोर आलं की आपण भिंतीला लागून वाट देतो, तशी वाट दिली. भाचा आला आणि माझ्यावर गोल मारून गेला. बाकावरून कोणीतरी ओरडलं, "अरे, कपाट उघडलं!" आणि सगळं गोदाम हसलं.

पोराने हेल्मेट काढलं. तोंड लाल झालं होतं.

"बाबा, मला का सोडलंत?"

"तुला लागलं असतं."

"सगळ्यांना लागतं."

"तू सगळ्यांतला आहेस का?" दाजी म्हणाले.

त्यांनी ते मायेने म्हटलं होतं, मला ठाऊक आहे. पण पोराच्या कानाला ते कसं लागलं असेल हेही मला ठाऊक आहे. त्याची निवड झाली, आणि ती बापाच्या कृपेने झाली असं त्याला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. त्याने स्केट्स उचलले आणि निघून गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला टायरच्या दुकानात काम धरलं, तिथेच खोली घेतली, तिथल्याच संघातून खेळायला लागला. ताईला भेटायला यायचा, पण बाप दुकानात असताना. बापाशी अबोला धरला तो धरलाच. दाजीही मिठाची गुळणी धरून बसले. मला दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

काचेचं दुसरं टोक माझ्याकडे आलं. मला ते काम कधी जमलं नाही. "मेहुणे, तुमचं पाऊल पुढे पडतंय," दाजी म्हणायचे. मी म्हणायचो, "मग तुम्ही मागे टाका." पण खरी गोष्ट वेगळी होती. चालता चालता ते सवयीने काचेतून पलीकडे बघायचे, पलीकडे माझं तोंड दिसायचं, आणि ते मान खाली घालायचे. मला वाईट वाटायचं. माझ्या तोंडाचा दोष नव्हता, तरी वाटायचं.

ह्या हंगामात भाच्याचा संघ वरच्या गटात आला, आमच्या गटात. वेळापत्रक भिंतीवर लागलं त्या दिवशी दाजींच्या हातून एक तावदान तिरकं तुटलं. अंगठ्याला चीर गेली, रक्त टपटप गळायला लागलं.

"लागलं?" मी विचारलं.

"काही नाही." त्यांचं हे ठरलेलं उत्तर. बोट तुटून पडलं असतं तरी हेच म्हणाले असते.

सामन्याच्या दिवशी ताई दारात उभी राहिली. "त्याला धक्का दिलात तरी मी बोलणार आहे, आणि नाही दिलात तरी बोलणार आहे," ती म्हणाली. दाजी बुटाची नाडी बांधत राहिले. वाटेत मला म्हणाले, "मेहुणे, धक्का मी देईन. ते ठरलंय. पण त्याने हात घेतला नाही तर?"

"तर स्वतः उठेल. पाय आहेत त्याला."

"तेच तर," दाजी म्हणाले.

त्या दुपारी ऊन फार मऊ होतं. छपरातून पडलेल्या उजेडात धूळ तरंगत होती, आणि सगळे त्यातून पोहल्यासारखे फिरत होते. भाचा आता रुंद झाला होता, थेट बापाचा साचा. वळायचाही तसाच, घाई न करता. एकदा तो चकती घेऊन कठड्याकडून निघाला आणि मला ती जुनी दुपार पुन्हा दिसायला लागली. समोर दाजी होते. ह्या वेळी त्यांनी अंग चोरलं नाही. खांदा लागला, कठडा हादरला, भाचा उताणा पडला.

दाजींनी हात पुढे केला. खेळ चालूच होता, ते तिथेच उभे. भाच्याने त्या हाताकडे पाहिलं, काठी टेकवली आणि स्वतःच उठला. तेवढ्यात भाच्याच्या संघातल्या दुसऱ्या गड्याने माझ्यावर गोल चढवला. दाजी मागे आले तेव्हा मी शिव्या तोंडाशी आणून ठेवल्या होत्या.

"दिला," ते म्हणाले.

"पाहिलं मी."

"घेतला नाही त्याने."

त्यांचा तो जांभईचा चेहरा जाळीमागे पार उतरलेला होता. शिव्या मी गिळल्या. भाच्याचा मला इतका राग आला की त्याचा मामा असल्याची लाज वाटली.

सामना संपत आला. त्या एका गोलानेच आम्ही मागे होतो. दाजींकडे चकती होती, माझ्या गोलाच्या बाजूला, कठड्यापाशी. भाचा त्यांच्यावर येत होता. त्यांना तो दिसला होता, नक्की दिसला होता. ते वळू शकले असते, चकती मला देऊ शकले असते. ते छाती समोर ठेवून उभे राहिले. भाच्याने शेवटच्या क्षणापर्यंत वेग कमी केला नाही. असा आवाज त्या गोदामाने पूर्वी ऐकला नसेल.

कपाट आडवं झालं. दाजी पाठीवर पडून वर, स्वतः बसवलेल्या काचांकडे बघत होते. चकती घरंगळत माझ्याकडे आली. पलीकडच्या टोकाला आमचा गडी एकटाच मोकळा होता, गळा फाडून ओरडत होता, "मामा, टाक! मामा!" आणि भाचा जागेवरून हलत नव्हता. त्याचे गडी त्याला बोलावत होते, शिव्या घालत होते. त्याने हातमोजा काढला, वाकला आणि बापापुढे उघडा हात धरला.

मी चकतीवर पंजा ठेवला आणि तिच्यावर सरळ आडवा झालो. चकती दाबली की शिट्टी वाजते, खेळ थांबतो. शिट्टी वाजली. माझ्यावर कोणी चालून आलेलं नव्हतं, तेव्हा विनाकारण खेळ थांबवला म्हणून पंचाने मला शिक्षाही ठोकली. आमचे लोक मला काय काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. पण चाकांची घुंई बंद पडली, आणि मला दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"बाबा, लागलं?"

दाजींनी काचांवरची नजर त्याच्याकडे वळवली. मला वाटलं, आता म्हणणार, काही नाही.

"लागलं रे," ते म्हणाले. "बरगडीत. फार लागलं."

आणि त्यांनी हात घेतला. भाच्याने ओढून उभं केलं, पण सोडलं नाही. दोघं तसेच बाकाकडे निघाले, हळूहळू, पाऊल बरोबर टाकत. मी चकतीवर पडूनच होतो. मुखवटा होता ते बरं, डोळे पुसायला हातमोजा काही कामाचा नाही.

सामना आम्ही हरलो. बरगडीला तडा निघाला, आणि डॉक्टरांनी दाजींना जड उचलायला बंदी केली. सोमवारी एक मोठी काच पोचवायची होती. मी नेहमीप्रमाणे माझं टोक धरलं. दुसऱ्या टोकाला भाचा होता. टायरवाल्याकडून सुट्टी काढून आला होता. दाजी दाराशी स्टुलावर बसले होते, छातीला पट्टा बांधून. आम्ही काच उचलली, उंबरा ओलांडला, आणि काचेपलीकडून तो मला म्हणाला, "मामा, तुमचं पाऊल पुढे पडतंय."

दाजी हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलेलं नव्हतं. हसता हसता त्यांनी बरगडी दाबून धरली. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अरे, नका हसवू," ते म्हणाले, "लागतंय मला."